डबी हरवली तरी चालेल, शब्द हरवू नका!

रायपुरात क्रिप्टोचा विषय निघाला की २० नोव्हेंबर २०२४ ची आठवण निघतेच. तिकडे महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान चाललेलं आणि इकडे आपल्या गावात ईडीची झडती! धागा पुण्याचा होता. ‘गेनबिटकॉइन’ नावाच्या योजनेने महिन्याला दहा टक्के परताव्याचं गाजर दाखवून देशभरातल्या लोकांचे पैसे गोळा केले. २०१८ मध्ये तिचा सूत्रधार पुणे पोलिसांच्या हाती लागला. खरी गंमत पुढेच. या तपासात मदतीला पोलिसांनी बाहेरचे जाणकार घेतले आणि मार्च २०२२ मध्ये त्यांच्यातल्याच दोघांना, आरोपींचं काही क्रिप्टो परस्पर वळवल्याच्या आरोपावरून, पुणे पोलिसांनीच अटक केली. त्यातला एक माजी आयपीएस अधिकारी! नंतर तपास सीबीआयकडे गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये देशभरात ६० ठिकाणी छापे पडले, तेव्हा जप्तीच्या यादीत लॅपटॉप-मोबाइलच्या जोडीला हार्डवेअर वॉलेटही होती.

तेव्हा शंकर नगरात बीटीआय मैदानावर फेऱ्या मारणाऱ्यांपासून चहाच्या टपरीपर्यंत कुणालाही पडावा असा प्रश्न: ही हार्डवेअर वॉलेट नावाची चीज आहे तरी काय?

डबी रिकामीच!

पहिला धक्का हाच. पेनड्राइव्हएवढ्या त्या डबीत एकही बिटकॉइन नसतो. बिटकॉइनची सगळी नोंद जगभरच्या हजारो संगणकांवर असते. डबीत असते ती फक्त गुप्त किल्ली, म्हणजे ‘हे पैसे माझे, ते अमक्याला द्या’ असं सांगणारी सही करण्याचा अधिकार. व्यवहाराचा कागद डबीत जातो, सही होऊन बाहेर येतो. किल्ली आतच राहते. म्हणून संगणकात व्हायरस असला तरी किल्ली त्याच्या हाती लागत नाही. असं पहिलं यंत्र, ‘ट्रेझर’, २०१४ मध्ये प्रागच्या एका कंपनीने बाजारात आणलं. त्याच वर्षी पॅरिसमध्ये ‘लेजर’ कंपनी सुरू झाली.

दोन बटणं, चोवीस शब्द

लेजरची छोटी डबी पहिल्यांदा सुरू करताना घाई करू नका. नखाएवढा पडदा, वर दोन बटणं. डावं दाबलं की मागे, उजवं दाबलं की पुढे, दोन्ही एकदम दाबली की ‘हो’. आधी चार ते आठ आकडी पिन ठरवायचा. मग पडद्यावर एकेक करून २४ इंग्रजी शब्द येतात. ते क्रमाने कागदावर लिहायचे. क्रम चुकला की खेळ खलास. लिहून झालं की डबी परीक्षा घेते, शब्द पुन्हा ओळखून दाखवायला लावते. डबी उद्या तेलीबांधा तलावात पडली तरी हरकत नाही. नवी घ्या, तेच शब्द भरा, सगळं परत. शब्द गेले आणि डबीही बिघडली, तर मात्र रडायला कस्टमर केअरसुद्धा नाही.

हे शब्द येतात २०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून. यादी ‘अबॅन्डन’पासून सुरू होते आणि ‘झू’वर संपते. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं वेगळी, त्यामुळे तेवढी लिहिली तरी भागतं. शेवटच्या शब्दात चूक पकडण्याची सोय दडलेली असते. मनाने कुठलेही २४ शब्द जुळवले तर डबी बहुतेक वेळा ते नाकारते. काही यंत्रं २४ ऐवजी १२ शब्द देतात. तेवढ्यानेही ज्या शक्यता होतात त्यांची संख्या ३९ अंकी आहे, अंदाजाने फोडायला निघालेल्या चोराला सात जन्म पुरायचे नाहीत. यादी जपानी, कोरियन, चेक, इटालियन भाषांतही आहे. मराठी-हिंदीत नाही.

कागद फेकला, नशीब उघडलं

अमेरिकन लेखक मार्क फ्राउनफेल्डर यांची कथा या क्षेत्रात पुराणकथेसारखी सांगतात. जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी ३००० डॉलरला ७.४ बिटकॉइन घेतले, ट्रेझरवर ठेवले आणि २४ शब्द एका नारिंगी कागदावर लिहिले. २०१७ मध्ये ते टोकियोला गेले असताना घर साफ करणाऱ्यांनी तो कागद कचऱ्यात टाकला. पिनवर भिस्त ठेवावी, तर तोही आठवेना! ट्रेझरची खोड अशी की प्रत्येक चुकीनंतर थांबण्याची वेळ दुप्पट होते आणि सोळाव्या चुकीला यंत्र स्वतःला पुसून टाकतं. (लेजर आणखी तापट, तिसऱ्या चुकीलाच कोरं.) शेवटी ब्रिटनमधल्या एका १५ वर्षांच्या मुलाने जुन्या सॉफ्टवेअरमधल्या फटीतून मार्ग काढून दिला. फ्राउनफेल्डर यांनी यंत्र अपडेट केलं नव्हतं, म्हणून ती फट उघडी राहिली आणि आळसच कामी आला. यातून कुणी आळसाचा धडा घेऊ नये; चोरालाही तीच फट दिसते.

कागदाला वाळवी, पाऊस आणि आवराआवर असे तीन शत्रू, म्हणून जाणकार शब्द स्टीलच्या पट्टीवर ठोकून ठेवतात. लग्नातल्या भांड्यांवर गोल बाजारात नाव घालून घेतो, अगदी तसंच. फक्त हे काम भांडीवाल्याकडून करून घेऊ नका! पंच आणि हातोडी घरी आणा. आणि मोबाइलवर त्या कागदाचा फोटो? मुळीच नाही. फोटो आपोआप क्लाउडवर जातो आणि डबीचा सगळा खर्च पाण्यात.

स्वस्त डबी, महाग धडा

२०१८ च्या सुरुवातीला ईबेवरून लेजर घेणाऱ्या एकाची जन्माची कमाई गेली. डबीसोबत एक स्क्रॅच कार्ड होतं आणि त्यावर २४ शब्द ‘तयार’च होते. अर्थात विकणाऱ्यानेही ते लिहून ठेवले होते. शब्द यंत्राने तुमच्यासमोर बनवायचे असतात, छापून आलेले वापरायचे नसतात. चोरटे तेवढ्यावर थांबले नाहीत. २०२० मध्ये लेजरच्या ग्राहकांची माहिती फुटली, २ लाख ७० हजारांच्या आसपास लोकांची नावं-पत्ते बाहेर आले, आणि पुढच्या वर्षी काहींच्या घरी चक्क बनावट लेजर डबी पार्सलने आली. सोबत पत्र: ‘सुरक्षेसाठी आपलं यंत्र बदला.’

पडदा वाचा, मगच दाबा

१८ जुलै २०२४. मुंबईच्या ‘वझीरएक्स’ एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरचं क्रिप्टो गेलं. कंपनीच्या म्हणण्यानुसार, सही करणाऱ्या तिच्या तिघांकडे लेजर यंत्रंच होती! पण संगणकावर दिसत होता एक व्यवहार आणि सही झाली दुसऱ्याच मजकुरावर. किल्ली कुणी चोरली नाही, सहीच फसवून घेतली. म्हणून रक्कम आणि पत्ता संगणकावर पाहून भागत नाही, डबीच्या त्या नखाएवढ्या पडद्यावर वाचायचा. तिथे न समजणारा मजकूर दिसला तर बटण दाबू नये, हे माझं मत अगदी ठाम आहे.

आणि पहिल्याच दिवशी सगळी रक्कम हलवू नका. शंभर-दोनशे रुपयांएवढं पाठवा, मग डबी मुद्दाम पुसा, कागदावरच्या शब्दांनी पुन्हा उभी करा. पैसे दिसले तर पुढचं पाठवा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण करणारे विरळा.

घरच्यांना काय सांगणार?

कॅनडातल्या ‘क्वाड्रिगा’ एक्स्चेंजचा मालक डिसेंबर २०१८ मध्ये जयपुरात वारला. किल्ल्या एकट्या त्याच्याकडे होत्या, असं सांगितलं गेलं आणि हजारो ग्राहकांचे पैसे अडकले. पुढे तिथल्या नियामकाने तो सगळा प्रकार फसवणुकीचाच ठरवला, हे वेगळं. पण प्रामाणिक माणसाच्या घरीही असंच होऊ शकतं. शब्द कुठे आहेत एवढं तरी घरातल्या एकाला माहीत असावं; शब्द आणि पिन एकाच पाकिटात मात्र नसावेत.

खिशात चार-पाच हजारांचंच क्रिप्टो असेल तर ही डबी म्हणजे चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. मोठी रक्कम असेल तर घ्यावीच. तेवढा हिशोब आधीच करून ठेवा: १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि त्या नफ्यातून फक्त क्रिप्टोच्या खरेदीची किंमत वजा होते. डबीची होत नाही.