वाघ दिसतो का हो तुम्हाला?

दरवर्षी गणपतीला, प्रसादाच्या रांगेत, मला एक प्रश्न हमखास येतो. "तुम्ही त्या निसर्गसंरक्षणाच्या ऑफिसात ना? मग वाघबीघ दिसतो का हो तुम्हाला?" मागच्या वर्षी एका काकांनी तर नातवाला पुढे करून सांगितलं, "बघ, ह्या मावशी हत्तींना वाचवतात." नातवाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माझ्या हातात तेव्हा मोदकांचं ताट होतं. त्याचा विश्वास बसला नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही.

वाघ मी पाहिला तो पुण्याच्या पेशवे पार्कात, शाळेच्या सहलीत, पिंजऱ्यातला. नोकरीत मला दिसतात ते कागद. संपादकांनी "तुमच्या कामाबद्दल एकदा लिहाच" म्हणून गळ घातली, तेव्हा ठरवलं की कागदांबद्दलच लिहावं.

आपण राहतो त्या जिनिव्हाच्या तळ्याकाठी ही कार्यालयं इतकी दाटीने आहेत की नव्याने आलेल्या माणसाला नवल वाटतं. ग्लाँमध्ये आय.यू.सी.एन.चं मुख्यालय आहे. ही संस्था १९४८ साली फ्रान्समध्ये फाँतेनब्लो इथे स्थापन झाली. धोक्यात आलेल्या प्राण्या-वनस्पतींची 'रेड लिस्ट' काढतात ते हेच लोक. पाणथळ जागांच्या रामसर कराराचं सचिवालयही ग्लाँलाच. डब्ल्यू.डब्ल्यू.एफ.चा जन्म १९६१ साली जवळच्याच मोर्जमध्ये झाला. आणि खुद्द जिनिव्हात 'सायटीस'चं सचिवालय आहे. वन्य प्राणी आणि वनस्पती यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लगाम घालणारा हा करार ३ मार्च १९७३ रोजी वॉशिंग्टनला झाला आणि १ जुलै १९७५ पासून अमलात आला. भारत १९७६ पासून त्यात आहे. आज १८० पेक्षा जास्त देश सभासद आहेत आणि सुमारे ४०,००० जाती त्याच्या याद्यांत आहेत.

एवढा पसारा, पण सचिवालय मात्र लहान. त्यात शास्त्रज्ञ असतात, वकील असतात आणि आमच्यासारखी मंडळी असतात. आमच्या हुद्द्याला 'सहाय्यक' म्हणतात. मंत्रालयात काढलेली नोकरीची पहिली चार वर्षं मला इथे जेवढी उपयोगी पडली, तेवढी पदवी पडली नाही. आवक-जावक, फाईलचा क्रमांक, कोणत्या पत्राची प्रत कोणाला, आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे मुदत. ह्या मी तिथेच शिकले.

मुदतीचंच घ्या. सायटीसची सर्व सभासद देशांची परिषद साधारण दर तीन वर्षांनी भरते. एखादी जात यादीत घालायची किंवा काढायची असेल तर तो प्रस्ताव परिषदेच्या किमान १५० दिवस आधी सचिवालयात पोहोचलाच पाहिजे, असं कराराच्या पंधराव्या कलमात लिहिलेलं आहे. १४९ वा दिवस चालत नाही. मग देश मोठा असो की लहान, प्राणी कितीही गोंडस असो. तो चुकला की पुढची परिषद, म्हणजे तीन वर्षं. तीन वर्षांत एखाद्या कासवाचं किंवा चंदनासारख्या झाडाचं काय होतं ते तस्करांना विचारा. त्यामुळे शेवटच्या दिवशी येणारा प्रत्येक कागद किती वाजता आला, पूर्ण आला का, सही आहे का, जोडपत्रं आहेत का, हे बघणाऱ्या माणसाच्या हातात बरंच काही असतं. शिवाय कामकाजाच्या भाषा तीन: इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश. तिन्ही भाषांतल्या कागदावर परिच्छेदाचा क्रमांक एकच हवा, नाहीतर सभेत एक जण सातव्या परिच्छेदावर बोलतो आणि दुसरा आठव्यावर भांडतो. हे मी पाहिलेलं आहे, आणि ते भांडण पाऊण तास चाललं होतं.

परवान्यांचा कागद वेगळा. यादीतला प्राणी, त्याचं कातडं, लाकूड किंवा बी सीमेपलीकडे न्यायचं तर परवाना लागतो, आणि प्रत्येक देश आपल्या वर्षभराच्या व्यवहारांचा अहवाल पुढच्या वर्षी ३१ ऑक्टोबरपर्यंत पाठवतो. ही सगळी आकडेवारी इंग्लंडात केंब्रिजला साठवली जाते; आजवर दोन कोटींहून जास्त नोंदी झाल्या आहेत. परवान्यावर एकेक अक्षराच्या खुणा असतात. 'डब्ल्यू' म्हणजे रानातून आणलेला, 'सी' म्हणजे बंदिवासात पैदास झालेला. कुठल्याशा बंदरावरच्या कारकुनाने एका अक्षराची चूक केली की कागदावर रानातले हजार पोपट एकदम पिंजऱ्यात जन्मलेले होतात. तसंच किलो आणि नग यांचं. चारशे किलोच्या जागी चारशे नग लिहिलं गेलं, तर शास्त्रज्ञ त्यावरून काढतील तो निष्कर्षही तसाच निघणार. आपण म्हणतो ना, कारकुनी काम. म्हणताना ओठ जरा वाकडे करतो.

आता मतदानाचं सांगते. सायटीसमध्ये प्रस्ताव मंजूर व्हायला हजर राहून मत देणाऱ्या देशांपैकी दोन-तृतीयांश मतं लागतात. जो देश खोलीत नाही तो हिशोबातच नाही. २०१० साली दोहाच्या परिषदेत पोरबीगल नावाच्या शार्कचा, म्हणजे आपल्या मुशीच्या थंड पाण्यातल्या नातेवाइकाचा, प्रस्ताव समितीत मंजूर झाला आणि शेवटच्या सर्वसाधारण बैठकीत पुन्हा मतदान होऊन अगदी दोन-तीन मतांनी पडला. तो मंजूर व्हायला २०१३ ची बँकॉकची परिषद उजाडावी लागली. मधली तीन वर्षं त्या माशाने काय करायचं?

म्हणून गरीब देशांचे प्रतिनिधी वेळेवर खुर्चीत बसलेले असणं हे आमच्या कामातलं सर्वांत जोखमीचं काम. त्यांचा प्रवासखर्च देणगीदार देशांच्या पैशातून होतो. तिकीट, हॉटेल, रोजचा भत्ता, निमंत्रणपत्र, व्हिसा. इथेच माझ्या हातून एक चूक झाली आहे. ती वरच्या कुठल्याच कार्यालयाच्या नावावर टाकू नका. मी अनेक ठिकाणी करारावर काम केलं आहे आणि ही चूक माझी एकटीची.

पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशाचे वनाधिकारी एका बैठकीला यायचे होते. त्यांच्या राजधानीत स्विस व्हिसा मिळायची सोय नव्हती, त्यासाठी शेजारच्या देशात बसने दीड दिवसाचा प्रवास करून जावं लागे. मी निमंत्रणपत्र तयार केलं ते त्यांच्या ई-मेलवरच्या सहीवरून. पासपोर्टात नावं तीन, मी लिहिली दोन, तीही उलटसुलट. खिडकीवरच्या माणसाने पत्र परत केलं. दुरुस्त पत्र मी तासाभरात पाठवलं, पण भेटीची पुढची वेळ मिळाली पाच दिवसांनी. ते गृहस्थ तिथे एका नातेवाइकाकडे पडवीत झोपून राहिले आणि बैठकीच्या तिसऱ्या दिवशी दुपारी इथे पोहोचले. त्यांचा विषय आदल्या दिवशी सकाळीच संपला होता. त्यावर बोलायला त्यांच्या भागातलं दुसरं कोणीच नव्हतं.

मी माफी मागायला गेले. ते रागावले नाहीत. त्यांनी पिशवीतून एक वही काढली आणि आपण काय बोलणार होतो ते मला उभ्या उभ्या वाचून दाखवलं, फ्रेंचमध्ये, सगळी चार पानं. मी ऐकून घेतलं. दुसरं काय करणार?

मला सर्वांत जास्त लागलं ते हे, की ही चूक मराठी माणसाने करायला नको होती. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव, ह्या तीन नावांपायी आपण प्रत्येकाने कुठल्या ना कुठल्या खिडकीवर घाम गाळलेला आहे. त्या दिवसापासून पासपोर्टची प्रत समोर ठेवल्याशिवाय मी एकही पत्र टाइप केलेलं नाही, आणि टाइप केलेलं पत्र दुसऱ्याने अक्षर अक्षर मोठ्याने वाचल्याशिवाय जात नाही. नवीन मुलं हसतात. हसू देत.

ह्या कामाची खरी कसोटी पाहायची तर २०१९ साल पाहावं. त्या वर्षीची सायटीस परिषद कोलंबोला २३ मे ते ३ जून अशी ठरली होती. २१ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, श्रीलंकेत बाँबस्फोट झाले. परिषदेला महिना उरलेला. हजारो माणसांची तिकिटं, हॉटेलं, दुभाषे, कागदांच्या गठ्ठ्यांची जहाजं-विमानं, सगळं ठरलेलं. अखेर परिषद जिनिव्हात पालेक्स्पोमध्ये १७ ते २८ ऑगस्टला भरली. तुम्हाला आठवत असेल, ऑगस्टात ह्या गावात साधी खोली मिळवायची म्हणजे काय. त्यातून श्रीलंकेसाठी ज्यांना फारशी यातायात नव्हती त्या सर्वांना आता शेंगेन व्हिसा हवा, म्हणजे भेटीची वेळ, बोटांचे ठसे, बँकेचे कागद, सगळं आलं. ज्यांनी हे पार पाडलं त्यांची नावं कुठल्या ठरावात नाहीत.

पण त्या बारा दिवसांत झालं काय ते पाहा. पाणमांजराच्या दोन जाती पहिल्या यादीत गेल्या, म्हणजे त्यांचा धंद्यासाठी आंतरराष्ट्रीय व्यापार बंद. त्यासाठी प्रस्ताव मांडणाऱ्यांत भारत होता. त्यातली एक जात आपल्या कोकणात, सिंधुदुर्गातल्या खाड्यांत आणि नद्यांत आहे. पाठीवर चांदण्या असलेलं भारतीय कासवही त्याच परिषदेत पहिल्या यादीत गेलं. परदेशात घरी पाळायला म्हणून ही कासवं डब्यांत कोंबून चोरून नेत असत. बदल ९० दिवसांनी लागू होतात, तसे ते २६ नोव्हेंबर २०१९ ला झाले.

तिथेच आणखी एक गोष्ट झाली जी थेट आपल्या घरांत येते. शिसवाचं लाकूड. शिसव, शीशम आणि त्यांचं सगळं गोत्र २०१६ च्या जोहान्सबर्गच्या परिषदेत दुसऱ्या यादीत घातलं गेलं आणि २ जानेवारी २०१७ पासून त्याला परवाने लागू झाले. दुसरी यादी म्हणजे बंदी नव्हे, पण कागद हवा. त्यामुळे गिटारवाल्यांपासून तबलेवाल्यांपर्यंत सगळ्यांची धांदल उडाली, कारण तबल्याचं खोड पुष्कळदा शीशमाचंच असतं. दौऱ्यावर निघालेल्या वादकाने विमानतळावर झाडाचं लॅटिन नाव सांगायचं म्हणजे फारच झालं. २०१९ मध्ये तयार वाद्यं, त्यांचे तयार भाग आणि साहित्य यांना सूट मिळाली. इतर तयार वस्तूंना एका खेपेत दहा किलो लाकडापर्यंत सूट आहे. आजीचा शिसवी देव्हारा किंवा पाट जहाजाने आणायचा विचार कोणी करत असेल तर बांधाबांध करण्याआधी दोन्हीकडच्या वन्यजीव खात्यांना विचारा. घरगुती सामानाचे नियम देशोदेशी निरनिराळे आहेत, आणि कस्टमच्या गोदामाचं भाडं दिवसावर असतं.

आता ज्यांच्या मुलींनी किंवा सुनांनी मला ह्या नोकऱ्यांबद्दल विचारलं त्यांच्यासाठी थोडं. संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयांत सहाय्यकांच्या जागा स्थानिक भरतीने भरतात. दुसऱ्या देशातून त्यासाठी कोणाला आणत नाहीत. म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे येऊन, कामाचा परवाना हातात असून, शिकलेलं सगळं बाजूला ठेवून घरी बसलेल्या आपल्या मुलींना इथे खरोखर संधी आहे. प्राणिशास्त्र यावं लागत नाही. फ्रेंच यावं लागतं, नुसतं बाजारहाटापुरतं नव्हे, पत्र लिहिण्याइतकं. लेखी परीक्षा असते. हिशोबाची भीती असून चालत नाही. वाईट बाजूही सांगते: करार लहान असतात. माझे कधी सहा महिन्यांचे होते, कधी अकरा. देणगीदार देशाने हात आखडता घेतला की पहिला करार आमचा संपतो. परिषदेच्या दिवसांत घरी स्वयंपाकाची आशा कोणी करू नये. आमच्याकडे त्या काळात यजमानांच्या हातची खिचडी असते, आणि ती हल्ली बरी होऊ लागली आहे.

आणि वाघाचं म्हणाल तर त्याचाही कागद आहे. १९६९ साली आय.यू.सी.एन.ची सर्वसाधारण सभा दिल्लीत भरली होती आणि वाघाची शिकार थांबवा हा आग्रह तिथे जोराने मांडला गेला. १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, आणि पहिल्या नऊ प्रकल्पांत आपलं मेळघाट होतं. त्या सभेचे कागद दिल्लीतल्या कोणा टायपिस्टने, कार्बन लावून, प्रत्येक पानाच्या पाच-पाच प्रती काढून टाइप केले असणार. त्या बाईंना किंवा बाबूंना वाघ दिसला होता का, हे मला फार विचारावंसं वाटतं.

यंदाही गणपतीला मी प्रसादाच्या टेबलाजवळच आहे. कोणाला अर्ज दाखवून घ्यायचा असेल तर बरोबर आणा. पासपोर्टची प्रतही आणा.