शाबासकी कोणास पोंचते?

आजवर आम्हीं तक्रारीचे अर्ज किती लिहिले असतील याची मोजदाद करणें कठीण आहे. रस्त्यांतील खड्डे, नळाचें पाणी, उशिरां मिळणारें निवृत्तिवेतन, अशा प्रत्येक विषयावर आमचा एकेक तरी अर्ज कोठल्या ना कोठल्या दप्तरांत धूळ खात पडलेला आहे. चौतीस वर्षें मास्तरकी केल्यामुळें चुकीखालीं तांबडी रेघ ओढण्याची हाताला संवयच जडून गेली. परंतु एखाद्यानें आपलें काम उत्तम केलें म्हणून त्याच्या वरिष्ठांस आपण होऊन कळविल्याचें एकही पत्र गेल्या वर्षापर्यंत आमच्या हातून गेलें नव्हतें. तें पहिलें पत्र लिहिण्याचा प्रसंग कसा आला आणि त्यांत आमच्याकडून कोणती चूक झाली, तें येथें सांगावयाचें आहे.

आमचे धाकटे बंधु इंग्लंडांत लेस्टर येथें राहतात. गेल्या वर्षीं त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनीं वर्षभर दूरचा प्रवास वर्ज्य सांगितला, तेव्हां त्यांचें इकडे येणें खुंटलें. मातोश्रींचें वय सत्त्याऐशीं. त्यांनीं जावें तर एक मोठीच अडचण होती. सात वर्षांपूर्वीं दुसऱ्या एका शहराच्या विमानतळावर त्यांना फार वाईट अनुभव आला होता. चाकांची खुर्ची आधीं सांगून ठेवलेली असूनही पाऊण तास मिळाली नाहीं, आणि झडतीच्या ठिकाणीं हात वर करण्यास उशीर झाला म्हणून कोणी तरी चारचौघांत त्यांच्यावर खेंकसलें. घरीं परत येतांच त्यांनीं निक्षून सांगितलें होतें, "पुन्हां माझ्यापुढें विमानाचें नांव काढूं नका." आतां मुलाच्या दुखण्याची बातमी आली तेव्हां त्या चार दिवस कांहींच बोलल्या नाहींत. पांचव्या दिवशीं सकाळीं पूजा आटोपल्यावर म्हणाल्या, "तिकिटें काढ. पण तिथें कोणी अंगावर ओरडलें तर मी तशीच माघारी येईन."

मार्गशीर्षांतील त्या रात्रीं विमान मध्यरात्रीनंतरचें असूनही आम्हीं सायंकाळीं सातलाच घर सोडलें. काल्हेरहून निघणाऱ्यास कशेळीच्या पुलाचा भरंवसा कधींच धरितां येत नाहीं. गोदामांच्या मालमोटारींची रांग लागली म्हणजे ठाणें दिसत असतें, पण येत नाहीं. शिवाय त्याच रस्त्यावर मेट्रोचें काम. तरी देवाच्या कृपेनें दहाच्या आंत सहारच्या दुसऱ्या टर्मिनलशीं पोंचलों. ही इमारत २०१४ सालीं सुरू झाली. तिचें छत, त्यांतील मयूरपिसाऱ्याची कल्पना आणि भिंतींवरील कलाकृती यांची वर्णनें पुष्कळ झालीं आहेत. आमचें लक्ष मात्र दारापाशीं उभ्या असलेल्या खुर्च्यांकडे होतें.

खुर्ची घेऊन जो मुलगा पुढें आला तो बावीस-तेवीस वर्षांचा असेल. त्यानें प्रथम खुर्ची पुढें केली नाहीं. तो मातोश्रींच्या समोर वांकला आणि म्हणाला, "आजी, नमस्कार. शेवटपर्यंत मीच बरोबर आहे. घाई अजिबात नाहीं." मग चाकांचा अडसर लावून, पाय ठेवण्याच्या पट्ट्या उचलून, त्यांना बसविलें. संस्कृत काव्यांतून अतिथि येतांच यजमान उठून सामोरा जातो, मग पाद्य, मग आसन, असा क्रम आपण वाचतों. त्या मुलानें ती काव्यें वाचलेलीं नसणार, पण सामोरें जाणें म्हणजे काय हें त्याला ठाऊक होतें.

थोडें पुढें गेल्यावर त्यानें आम्हांस विचारलें, "काका, हातांतल्या पिशवींत पाणी, तेल, लोणचें असें कांहीं आहे का? आतांच सांगा, पुढें गेल्यावर अडचण होईल." आमच्या लक्षांतही नव्हतें. मातोश्रींच्या पिशवींत गंगाजलाचा मोहोरबंद तांब्याचा गडू होता. वडिलांनीं काशीहून आणलेला तो गडू त्या लेकाच्या उशाशीं ठेवणार होत्या. २००६ सालीं लंडनहून निघणारीं विमानें द्रवरूप स्फोटकांनीं उडविण्याचा कट उघडकीस आला, तेव्हांपासून हातांतील सामानांत न्यावयाच्या द्रवांवर जगभर निर्बंध आले. आपल्याकडेही परदेशीं निघालेल्या उतारूस हातांतून १०० मिलिलिटरहून मोठें द्रवाचें पात्र नेतां येत नाहीं. आम्हीं नियम सांगूं लागतांच मातोश्रींनीं गडू पदराआड घेतला. "गंगा सामानांत टाकायची? पायांखालीं?" असें म्हणून त्या गप्प बसल्या. अशा वेळीं आमच्यासारखा मनुष्य वाद घालतो, आणि आम्हीं तो घातलाहि.

त्या मुलानें वाद घातला नाहीं. तो म्हणाला, "आजी, पुढें नेला तर तिथें टाकून द्यायला सांगतील. तें मला बघवणार नाहीं. तुमच्या पेटींत लुगड्यांच्या घडींत ठेवूं. तुम्हीच ठेवा, मी हातहि लावत नाहीं." सामान अजून तोलावयाचें होतें. त्यानें भिंतीच्या कडेस पेटी आडवी करून उघडून दिली. मातोश्रींनीं आपल्या हातानें गडू नऊवारींत गुंडाळला आणि पेटी मिटली. नियम रेसभरही वांकला नाहीं, आणि म्हातारीचें मनही मोडलें नाहीं.

झडतीच्या पडद्याआड आम्हांस जातां आलें नाहीं. तेथील हकीकत मातोश्रींनींच मागून सांगितली. तेथल्या स्त्री-शिपायानें उठण्यास सांगितलें नाहीं. बसल्या जागींच तपासणी केली आणि प्रत्येक वेळीं आधीं विचारलें, "आजी, इथें हात लावूं का?" कनवटीस बांधलेली चंची निघाली तेव्हां ती उघडून पाहावी लागली. तींत वडिलांच्या अंगठीखेरीज कांहीं नव्हतें. त्या बाईनें ती अंगठी पुन्हां तशीच बांधून दिली आणि गांठ घट्ट बसली कीं नाहीं हें मातोश्रींना ओढून पाहावयास लावलें. एवढेंच. पण पडद्याबाहेर आल्यावर मातोश्रींचा चेहरा आम्हांस सात वर्षांनीं मोकळा दिसला.

विमानाच्या दाराशीं आम्हीं त्या मुलाच्या हातांत पांचशेंची नोट ठेवूं लागलों. त्यानें हात मागें घेतला. "पैसे नकोत, काका. जमलें तर माझें नांव लिहून कळवा. आमचें काम ठेक्यावर असतें. चांगला शेरा आला तर पुढच्या वेळीं उपयोग होतो." आम्हीं त्याच्या बिल्ल्यावरील नांव बोर्डिंग पासाच्या मागें लिहून घेतलें. आणि विमान लंडनास उतरलें तेव्हां तो पास पुढच्या आसनाच्या खिशांत विसरून आम्ही खालीं उतरलों.

चौतीस वर्षांत विसराळू मुलांना आम्हीं किती छड्या मारल्या असतील!

लेस्टरला पोंचल्यावर तिसऱ्या दिवशीं पत्र लिहावयास बसलों तेव्हां हें ध्यानांत आलें. नांव कांहीं केल्या आठवेना. मग तारीख, वेळ, विमानाचा क्रमांक, जें घडलें तें, असें सर्व सविस्तर लिहून पत्र पाठविलें. पण तें कोणास पाठवावयाचें, हा प्रश्न वाटला होता त्याहून बिकट निघाला. विमानतळावर उतारूस भेटणारीं माणसें एका धन्याचीं नसतात. इमारत चालविणारी कंपनी एक, विमान चालविणारी दुसरी, खुर्ची ढकलणारा पुष्कळदां तिसऱ्याच ठेकेदाराचा. झडती घेणारे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे. १९९९ च्या डिसेंबरांत काठमांडूहून निघालेलें आपलें विमान पळविलें गेल्यानंतर, २००० च्या फेब्रुवारींत जयपूरपासून या दलाकडे विमानतळांची राखण येऊं लागली. पारपत्र पाहणारे आणखी निराळे. उतारूच्या दृष्टीनें सगळे "विमानतळवाले". तक्रार असली तर ती कोणाच्या तरी माथीं बसतेच. सरकारनें २०१६ सालीं "एअरसेवा" नांवाची सोयहि मुख्यतः गाऱ्हाण्यांसाठीं करून दिली आहे. स्तुति मात्र या धन्यांच्या मधल्या फटींतून खालीं पडून जाते.

विमानतळांना बक्षिसें मिळत नाहींत असें नाहीं. माँट्रियलला मुख्य कचेरी असलेली विमानतळांची जागतिक संघटना २००६ पासून उतारूंच्या मतांवरून सेवेची प्रतवारी लावीत आली आहे. प्रवासाच्या दिवशींच उतारूंस प्रश्नावली देतात. त्यांत रांगेस लागलेला वेळ, शौचकूपांची स्वच्छता, नोकरवर्गाचें सौजन्य असे प्रश्न असतात. मुंबईच्या विमानतळानें हा बहुमान एकाहून अधिक वेळां मिळविला आहे. लंडनची स्कायट्रॅक्स संस्था तर उत्कृष्ट विमानतळ-सेवकवर्ग म्हणून निराळेंच बक्षीस देते. हें सर्व स्तुत्य आहे. पण मानचिन्ह कांचेच्या कपाटांत बसतें आणि ज्या हातांनीं तें मिळविलें ते हात रात्रपाळीवर असतात. काल्हेरच्या गोदामांतील पुडक्याचेंहि असेंच आहे. प्रत्येक पुडक्यावर क्रमांक असतो, तें कोठें पोंचलें हें घरबसल्या कळतें. तें उचलणाऱ्याचें नांव मात्र कोठेंच नसतें.

असामान्य शौर्य राष्ट्र विसरत नाहीं. ५ सप्टेंबर १९८६ रोजीं मुंबईहून निघालेलें पॅन अ‍ॅमचें विमान कराचीस अतिरेक्यांनीं अडविलें, तेव्हां उतारूंना वांचवितांना नीरजा भनोट हिनें प्राण दिले. तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळालें, २००४ सालीं तिच्या नांवाचें टपाल तिकीट निघालें. पण नित्याच्या कामांतील चांगुलपणाला असा प्रसंग लाभत नाहीं. तो नसला म्हणजे काय होतें, हें मात्र २०२४ च्या फेब्रुवारींत मुंबईसच दिसलें. न्यूयॉर्कहून आलेल्या एका वृद्ध दांपत्यास दोहोंऐवजीं एकच खुर्ची मिळाली. पत्नीस तींत बसवून ऐशीं वर्षांचे ते गृहस्थ पायीं चालले आणि पारपत्र-तपासणीपाशीं कोसळले. ते वांचले नाहींत. विमान कंपनीस तीस लाख रुपये दंड झाला.

जे. आर. डी. टाटा यांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून टपाल घेऊन जुहूस विमान उतरविलें, हें पुष्कळांस ठाऊक असतें. पुढें अध्यक्ष असतांनाहि ते स्वतः प्रवासांत सेवेंतील बारीकसारीक गोष्टी टिपून घेत आणि संबंधितांस कळवीत. पाहणाऱ्याची नजर वरच्या जागेवर असली म्हणजे खालचें काम कसें होतें, याची ही खूण आहे. आमच्यासारख्यांजवळ अधिकार नाहीं. पण कागद-पेन्सिल आहे.

तेव्हां जाणाऱ्या-येणाऱ्या वाचकांस एवढेंच सांगणें, कीं वृद्धांसाठीं खुर्ची हवी असल्यास तिकिटाच्या वेळींच, निदान दोन दिवस आधीं, विमान कंपनीस कळवून ठेवा. आणि कोणी चांगलें वागला तर "स्टाफ फार छान होता" असें मोघम लिहूं नका. त्याचा कोणास उपयोग नाहीं. बिल्ल्यावरील नांव, तारीख, वेळ, दार कितवें, आणि त्यानें नक्की काय केलें, हें दोन वाक्यांत लिहा. तो कोणाचा नोकर, हें त्यालाच विचारून घ्या. केंद्रीय दलाच्या शिपायास पैसे देऊं करूं नका. तो सरकारी नोकर आहे, त्याला तुमचें पत्रच हवें.

आमच्या पत्रास पंधरा दिवसांनीं छापील उत्तर आलें, आपला अभिप्राय आम्हांस मोलाचा आहे, असें. त्या मुलापर्यंत तें पोंचलें कीं नाहीं, हें त्यावरून समजण्यास मार्ग नव्हता. बंधु आतां हिंडूं-फिरूं लागले आहेत. गडू त्यांच्या उशाशीं आहे.

चार महिन्यांनीं आम्ही परत आलों तेव्हां मुंबईस विमानाच्या दाराशीं खुर्ची घेऊन दुसराच मुलगा उभा होता. आम्हीं त्याला मागच्या मुलाचें वर्णन सांगून विचारलें. तो म्हणाला, "काका, तसे खूप जण आहेत. कांहीं सोडूनहि गेले." मातोश्री खुर्चीपाशीं उभ्याच राहिल्या. त्यांनीं त्या मुलाच्या छातीवरचा बिल्ला हातानें उजेडाकडे वळविला आणि आम्हांस म्हणाल्या, "आधीं लिहून घे. मग बसतें मी."