नाव घरी ठेवून

पुण्याच्या कसबा पेठेत माणूस दारातून बाहेर पडला की तो कुणाचा कोण आणि निघालाय कुठे, हे तांबट आळीत लगेच कळतं. या ओळखीचा आधार मोठा. पण घरात छळ सोसणारी सून वकिलाचा पत्ता शोधत असते, किंवा कुणाला एखाद्या आजाराबद्दल गुपचूप वाचायचं असतं, तेव्हा हीच ओळख गळ्याशी येते. दोन-तीन बिऱ्हाडांत एकच वायफाय असेल, तर कोणती संकेतस्थळं उघडली गेली हे राउटर सांभाळणाऱ्याला पाहता येऊ शकतं. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीलाही. ब्राउझरच्या ‘इन्कग्निटो’ खिडकीने यात काही फरक पडत नाही. ती फक्त आपल्या संगणकावरची नोंद पुसते.

कधी नाव झाकण्याची गरज जिवावरची असते. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमिनींचे गैरव्यवहार माहितीच्या अधिकारातून उघड करत होते, स्वतःच्या नावाने. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेलेले असताना त्यांचा खून झाला. निनावीपणा चोरांनाच लागतो, असं कुणी म्हणालं की मला शेट्टी आठवतात.

घरच्या संगणकावर निनावीपणाची ही सोय ‘टॉर ब्राउझर’ फुकट देतो. त्यामागची कल्पना १९९० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत जन्मली; आता ‘टॉर प्रोजेक्ट’ ही ना-नफा संस्था ते काम पाहते. जगभरच्या स्वयंसेवकांनी चालवलेल्या हजारो संगणकांपैकी तिघांमधून आपली मागणी पुढे जाते. एकात एक घातलेल्या तीन पाकिटांसारखी; प्रत्येकजण आपल्यापुरतं पाकीट फोडतो. पहिल्याला मागणी कुठून आली ते कळतं, कुठे चालली ते नाही. शेवटच्याला ठिकाण कळतं, माणूस नाही. मधल्याला दोन्ही नाही. व्हीपीएनमध्ये, म्हणजे सगळी मागणी एका कंपनीमार्फत पाठवण्याच्या सेवेत, या दोन्ही गोष्टी एकाच कंपनीच्या हाती असतात, आणि ग्राहकांची नावं-पत्ते पाच वर्षं जपून ठेवा, असा आदेश केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये अशा कंपन्यांना दिलेला आहे.

ब्राउझर टॉर प्रोजेक्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावा. कुणी दिलेल्या पेनड्राइव्हवरून नको. इन्स्टॉल करून ‘कनेक्ट’ दाबलं की जोडणी होते. अडलीच तर सेटिंगमध्ये ‘ब्रिज’चा, म्हणजे आडवाटेने जोडण्याचा, पर्याय आहे. वेगळे एक्स्टेन्शन घालू नयेत, त्यामुळे आपला ब्राउझर हजारांत उठून दिसतो. पानं सावकाश उघडतील, तेवढं सोसावं.

खरी काळजी पुढे आहे. टॉरमधून आपल्याच ईमेलच्या खात्यात शिरलात, तर तिघांनी राखलेलं गुपित तुम्हीच फोडलंत. शिवाय काय पाहिलं ते झाकलं, तरी टॉर वापरलं हे इंटरनेट पुरवणाऱ्याला दिसतं. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात परीक्षा टळावी म्हणून एका विद्यार्थ्याने टॉरमधून बॉम्बची खोटी धमकी पाठवली. त्या वेळी विद्यापीठाच्या नेटवर्कवरून टॉर कोण वापरत होतं, एवढंच तपासलं गेलं आणि तो सापडला. तो सापडला हे चांगलंच झालं. पण प्रामाणिक तक्रारदारालाही याच वाटेने शोधता येतं. म्हणून ऑफिसमधला घोटाळा ऑफिसच्या वायफायवरून कधीही कळवू नये.

जोडलेली कागदपत्रं तर हमखास विसरली जातात. वर्डच्या फायलीत लिहिणाऱ्याचं नाव असतं, मोबाइलच्या फोटोत बहुधा जागा आणि वेळ. पाठवण्याआधी फायलीच्या ‘प्रॉपर्टीज’ उघडून हे पुसावं. टॉरमधून उतरवलेली फाइल इंटरनेट चालू असताना उघडू नये. ती वर्डमध्ये उघडली की टॉरला बगल देऊन थेट बाहेर संपर्क करू शकते. आणि संगणकातच कुणी हेरगिरीचं सॉफ्टवेअर घातलं असेल, तर टॉर काही करू शकत नाही. नवऱ्याच्या ताब्यातल्या संगणकावर बसणाऱ्या त्या सुनेला मी टॉरआधी विश्वासातल्या मैत्रिणीचा संगणक सुचवेन.