जागा बदलणाऱ्या लोहारासाठी लेग व्हाइसचा सुटा स्टँड

बंगळुरू : तापलेले लोखंड वाकविताना किंवा पिळताना ते घट्ट धरून ठेवण्यासाठी लोहाराला लेग व्हाइस लागतो. साधा बेंच व्हाइस बहुधा बिडाचा असल्याने घणाच्या घावाने तडकू शकतो. घडीव लोखंडाच्या लेग व्हाइसचा लांब पाय मात्र घावाचा जोर थेट जमिनीत उतरवितो. त्याला आधार म्हणून परंपरेने जमिनीत पुरलेला लाकडी खांब वापरला जातो.

बंगळुरूच्या पीण्यासारख्या औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्याला किंवा महाराष्ट्र-कर्नाटकात फिरस्तीवर असलेल्या घिसाडी कारागिराला असा खांब पुरणे अवघड असते. सुटा स्टँड ही अडचण दूर करतो.

६०० मिमी लांब-रुंद व १० मिमी जाडीच्या पोलादी प्लेटचे वजन सुमारे २८ किलो भरते. तिच्यावर जाड चौकोनी पाइपचा खांब बोल्टने बसवून व्हाइस त्याला जखडला जातो. जबडे कोपराच्या उंचीवर ठेवतात. पायाचे टोक प्लेटवरील कड्यात टेकणे आवश्यक असते; ते अधांतरी राहिल्यास सारा मार बोल्टवर येतो. काम करताना कारागीर प्लेटवरच उभा राहतो, त्यामुळे त्याच्या वजनाने स्टँड स्थिर राहतो. बोल्ट काढताच भाग सुटे करून नेता येतात.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत लोहारकामाचा समावेश असून अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे.