विनाविमा वाहनाची धडक : जादा हप्ता भरावा काय?

उसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव बाजूच्या रस्त्यांवर रात्रीअपरात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची व मोटारसायकलींची किती वर्दळ असते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम १४६ अन्वये यांतील प्रत्येक वाहनाचा त्रयस्थ पक्षाचा विमा, म्हणजे लोक ज्यास थर्ड पार्टी म्हणतात तो, असलाच पाहिजे. नसल्यास पहिल्या गुन्ह्यास तीन महिने कैद अथवा २,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. असे असूनही एकदा वाहन विकत घेतेवेळी काढलेला विमा पुढे चालू न ठेवणारे लोक गावोगाव आढळतात. जुन्या दुचाक्यांच्या बाबतीत तर विचारूच नये.

अशा वाहनाने आपणांस धडक दिली तर भरपाई कोणी द्यावयाची? अमेरिकेत याकरिता वाहनधारकास आपल्याच कंपनीकडून निराळे संरक्षण विकत घेता येते. इंग्लंडात विमा कंपन्यांनी १९४६ साली मिळून एक मंडळ स्थापले. विनाविमा वाहनाने जखमी केलेल्यास ते भरपाई देते. आपल्याकडे या नावाचे संरक्षण नाही. त्याच्या जवळपास जाणारे असे एकच, ते म्हणजे विम्याच्या कागदावर एजंट लावतो तो मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा. पैसे वाचवावे म्हणून तोच पुष्कळ शेतकरी प्रथम खोडावयास सांगतात. तो खोडावा काय, एवढाच येथे प्रश्न आहे.

न्यायाधिकरणाचा निवाडा झाला की पैसा मिळाला, अशी समजूत सर्वत्र दिसते. विमा कंपनी असेल तेथे ती बहुधा खरी ठरते. विमा नसेल तेथे निवाडा केवळ वाहनाच्या मालकावर होतो. त्याने रक्कम न भरल्यास कलम १७४ प्रमाणे न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुलीचे प्रमाणपत्र पाठविते, व ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करावयाची असते. महसूल खात्यात कारकुनी करताना अशी प्रमाणपत्रे आमच्या हातांखालून गेली आहेत. मागणीची नोटीस निघते, तलाठी सातबारा काढून आणतो, आणि इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा व बँकेचा बोजा आधीच चढलेला दिसतो. जमीन चार भावांच्या सामाईक नावावर असते. बैल व शेतीची अवजारे जप्तीतून वगळलेली. उरते ती मोडकी मोटारसायकल, आणि तिच्या लिलावात काय येणार? मयताची पत्नी दर महिन्यास कचेरीत येऊन विचारते, व कारकून तिला पुढील तारीख सांगतो. सरकारी देणे वसूल करण्याचे जे सर्वांत कडक हत्यार, ते हाती असूनही जेथे काही निघत नाही, तेथे खासगी मनुष्याने निवाड्याच्या कागदावर किती भरवसा ठेवावा याचा विचार वाचकांनीच करावा.

येथे कायद्याची एक विचित्र गोष्ट सांगितली पाहिजे. धडक देऊन पळालेल्या व पत्ता न लागलेल्या वाहनाबद्दल १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या योजनेने मृत्यूस २ लाख व गंभीर दुखापतीस ५० हजार रुपये मिळतात. तो अर्ज महसूल अधिकाऱ्यांकडेच जातो. परंतु धडक देणाराचे नावगाव ठाऊक असून तो केवळ कफल्लक व विनाविमा असेल, तर हा निधी लागू नाही. उपचारापुरता मात्र २०२५ च्या योजनेचा आधार आहे: सात दिवसांपर्यंत व दीड लाख रुपयांपर्यंत नेमलेल्या इस्पितळात रोख पैसे न भरता उपचार होतात.

आता जादा हप्त्याकडे वळू. मालक-चालकाच्या विम्याची रक्कम पूर्वी दुचाकीस १ लाख व मोटारीस २ लाख होती. २०१८ साली ती १५ लाख झाली. त्या वेळी वर्षाचा हप्ता ७५० रुपये ठरला. आता दर कंपनीगणिक वेगळा असतो. मृत्यू आल्यास, किंवा दोन अवयव अथवा दोन्ही डोळे गेल्यास पूर्ण रक्कम, एक अवयव वा एक डोळा गेल्यास निम्मी. चूक कोणाची, समोरच्याचा विमा होता की नव्हता, हे कोणी विचारीत नाही. १५ लाख रुपये ६ टक्क्यांनी ठेवले तरी घरात वर्षास ९० हजार येतात. एका घरच्या मीठभाकरीस ते पुरतात.

मात्र या विम्यातील मेख 'मालक-चालक' या शब्दातच आहे. ज्याच्या नावावर वाहन, तोच चालवीत असला पाहिजे व त्याचा परवाना चालू असला पाहिजे. आमच्या घरांतून मोटारसायकल व ट्रॅक्टर बहुधा वडिलांच्या नावावर, आणि चालविणारा मुलगा. वडील सत्तरीचे, परवाना कधीच मुदत संपलेला! अशा घराने हप्ता भरला तरी मुलाच्या जिवास त्याचा काडीचा उपयोग नाही. दुचाकीवर मागे बसलेली कारभारीण व ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलेला सालगडी यांसही तो लागू नाही.

म्हणून आमचे मत असे की विमा वाहनावर न टांगता माणसावर काढावा. जो रोज रस्त्यावर जातो त्याच्या नावाने निदान १५ लाखांचा सर्वसाधारण वैयक्तिक अपघात विमा घ्यावा. तो दुसऱ्याच्या गाडीवर, बैलगाडीत व पायी चालतानाही लागू पडतो. आणि वाहनाचा मालक तोच असेल तर वाहनाच्या कागदावरील जादा हप्ता माफ होतो. मालक स्वतःच चालवीत असेल व असा विमा नसेल, तर मात्र ती ओळ मुळीच खोडू नये. दोन-तीन वाहने असली तरी एकच हप्ता पुरे. प्रत्येकावर मागणाऱ्या एजंटास तसे सांगावे.

ज्यास एवढेही झेपत नाही त्याने बँकेत जाऊन वर्षाचे २० रुपये कापून घेण्यास लेखी संमती द्यावी. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत त्याबद्दल १८ ते ७० वयापर्यंत अपघाती मृत्यूस २ लाख आहेत. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेतून राज्य सरकार हप्त्यावाचून आणखी २ लाख देते. तो प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लवकर गेला पाहिजे.

विमा घेताच वारस म्हणून कोणाचे नाव लिहिले आहे ते वाचून पाहावे, व कागद कोठे ठेवला आहे ते घरातील बायकांस दाखवून ठेवावे.