महाविद्यालय निवडताना तेथील सामाजिक वातावरणाची पारख

बारावीचा निकाल लागला की घराघरांत एकच चर्चा सुरू होते. कोणत्या महाविद्यालयात क्रमांक लागेल, शुल्क किती पडेल, शासकीय वसतिगृह मिळेल का, पुढे नोकरीचे काय? हे सर्व प्रश्न रास्त आहेत. परंतु ज्या परिसरात आपली मुलगी वा मुलगा तीन-चार वर्षे राहणार, तेथे माणसे एकमेकांशी कशी वागतात, याची चौकशी फार थोडे पालक करतात. प्रवेशाचा पसंतीक्रम भरताना या बाबीचाही विचार व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

निवासी शाळेतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा विचार अधिक निकडीचा आहे. एका पंगतीत जेवणे, एका खोलीत राहणे आणि आडनाव न विचारता मैत्री करणे ही त्यांची अनेक वर्षांची सवय असते. मोठ्या शहरातील नामांकित संस्थेत मात्र पहिल्याच आठवड्यात प्रवेश परीक्षेतील क्रमांक विचारला जातो, आणि पुष्कळदा त्या प्रश्नाआड जातीचाच प्रश्न दडलेला असतो.

बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेत याचे बोलके उदाहरण सापडते. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात प्रा. म्युलर यांनी त्यांना पुस्तकांची मदत केली. पण त्याच कॉलेजातील उपाहारगृहाचा चालक त्यांना चहा-पाणी देत नसे, अशी नोंद धनंजय कीर यांच्या चरित्रग्रंथात आहे. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथील वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी जुळलेला स्नेह त्यांनी आयुष्यभर जपला. अध्यापनाच्या दृष्टीने दोन्ही संस्था नावाजलेल्याच होत्या. अंतर होते ते वर्गाबाहेरच्या वागणुकीत.

हा अनुभव गाठीशी असलेल्या बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. नागसेनवनातील त्या परिसरात वसतिगृहे उभी राहिली आणि खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांना अभ्यासासोबत बोलण्याचे, लिहिण्याचे व रंगमंचावर उभे राहण्याचे बळ मिळाले. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक याच वातावरणातून आले आणि १९५६च्या धम्मदीक्षेच्या वेळी नागपुरातही त्याचा प्रयोग झाला. मूळचे नागपूरचे असलेले गंगाधर पानतावणे तेथेच अध्यापक झाले आणि ‘अस्मितादर्श’चे संपादक म्हणून ओळखले गेले. वातावरण पोषक असले की साधने बेताची असूनही माणसे घडतात, हे मिलिंद महाविद्यालयाने दाखवून दिले.

त्याच महाविद्यालयाचे विद्यार्थी डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००७ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेविषयी अहवाल दिला. वसतिगृहात, भोजनगृहात आणि खेळांतही अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी वेगळे पडतात, असे त्यातून समोर आले. २०१२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने समानतेविषयीचे विनियम काढून समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद केली. तरीही हैदराबादेत २०१६ साली रोहित वेमुला आणि मुंबईत २०१९ साली डॉ. पायल तडवी यांना आपण गमावले. त्या दोघांच्या मातांनी, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी यांनी, या विनियमांची अंमलबजावणी व्हावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. नियम कागदावर असणे आणि वागणुकीत उतरणे यांतील अंतर किती जीवघेणे असते, हे या मातांना पुरते ठाऊक आहे.

मग दोन महाविद्यालयांची तुलना करावी कशी? प्रथम वसतिगृह पाहावे. खोल्यांचे वाटप कशाच्या आधारे होते आणि भोजनगृहात कोण कोणासोबत बसते, हे विचारावे. २०२३ साली मुंबईच्या आयआयटीत शाकाहारींसाठी वेगळ्या टेबलांवरून वाद झाला, तो याच कारणाने. दुसरे, समान संधी कक्षाला स्वतंत्र खोली आहे का आणि तेथील अधिकाऱ्याचे नाव विद्यार्थ्यांना सांगता येते का? तिसरे, १४ एप्रिलचा कार्यक्रम संस्था करते की मोजकी मुले वर्गणी काढून करतात? चौथे, मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजीसाठी वेगळे मार्गदर्शन मिळते का, आणि एखाद्या विषयात मागे पडल्यास अध्यापक वेळ देतात का? पाचवे, मुलींना ग्रंथालयात व वसतिगृहात वेळेची बंधने मुलांइतकीच आहेत की अधिक?

ही उत्तरे माहितीपुस्तिकेत मिळत नाहीत. स्नेहसंमेलनाचा दिवस टाळून एखाद्या साध्या दिवशी परिसरात जावे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या किमान तीन विद्यार्थ्यांना तेच प्रश्न विचारावेत. त्यांतील एक तरी मुलगी असावी आणि एक आपल्या समाजाबाहेरचा असावा. एकाच्या सांगण्यावरून मत बनवू नये. रॅगिंगसंबंधी २००९चे विनियम लागू असून १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय मदत क्रमांक प्रत्येक विद्यार्थ्याजवळ असावा.

या चौकशीचा अर्थ नामांकित संस्था भीतीपोटी सोडावी, असा मात्र नव्हे. मोठ्या संस्थांतील जागा आपल्या हक्काच्या आहेत आणि त्या आपण भरल्याच पाहिजेत. अभ्यासक्रम, शुल्क व शिष्यवृत्ती सारखी असेल तेथे वातावरणाने निर्णय व्हावा. जेथे संस्था मोठी पण वातावरण प्रतिकूल आहे, तेथे जाण्यापूर्वीच आधाराची जागा ठरलेली असावी: एखादा अभ्यासगट, एखादे अध्यापक, शहरातले एखादे ओळखीचे घर. आपल्याच माणसांच्या महाविद्यालयातही वर्ग नियमित भरतात का, हे पाहिल्यावाचून प्रवेश घेऊ नये.

येथे माजी विद्यार्थ्यांचे कर्तव्य सुरू होते. नागपूर, पुणे, मुंबई, दिल्ली येथील संस्थांत शिकलेल्यांनी आपापल्या महाविद्यालयाविषयी वरील पाच प्रश्नांची उत्तरे लिहून शाळेच्या कार्यालयात द्यावीत आणि दर दोन वर्षांनी ती तपासावीत. तशी वही शाळेत असेल, तर पुढच्या जूनमध्ये पसंतीक्रम भरायला बसलेल्या मुलीला आणि तिच्या आईवडिलांना अंदाजावर विसंबावे लागणार नाही.