आखातातला नाताळ

संयुक्त अरब अमिरातीत 25 डिसेंबरला सार्वजनिक सुट्टी नसते. त्यामुळे तिथले गोवेकर रजा टाकतात, नाहीतर ड्युटी संपवून संध्याकाळच्या मिस्सेला जातात. दुबईच्या ऊद मेथा भागातले सेंट मेरीज चर्च 1967 साली सुरू झाले. तिथे कोकणीतूनही मिस्सा होते.

खरी उणीव जाणवते ती फराळात. दोदोल करायचा तर तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा गूळ तळाला लागू न देता तासन्‌तास ढवळत बसायचे. एकट्याच्या हाताचे हे काम नव्हे, आणि भाड्याच्या खोलीतले तर नाहीच! म्हणून नेवऱ्या-कुलकुलांसोबत तोही बहुधा गावाहून परतणाऱ्याच्या बॅगेतून येतो. गोव्यात रात्रीचे बारा वाजतात तेव्हा दुबईत साडेदहाच झालेले असतात. शुभेच्छांचे फोन त्या हिशेबानेच होतात.